आत्याबाईंचं धडधाकट रक्त

थंडीच्या दिवसांत सकाळी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. कोमट पाण्यात हात धरून बसावं लागतं, मग हळूहळू ती आपली होतात. आज तशीच बसले होते आणि वाटलं, बोटं सुटली की हे लिहून ठेवावं. कुणाला दाखवायचं नाही. बोलून सांगणं माझ्याकडून कधी झालं नाही. लिहायला मात्र चौथीपर्यंतची शाळा पुरते.

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं, त्याच्यानंतरच्या एका वर्षातली ही गोष्ट. आमचं गाव पिरंगुटच्या पलीकडं, रस्ता सोडून आत. घरात माणसं तीन. मी, माझ्या सासूबाई आणि माझे यजमान. यजमान पुण्यात कारखान्यात होते. शनिवारी संध्याकाळी यष्टीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं तसंच म्हणतात. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. मला अजून मूल नव्हतं, त्यामुळं घरात माझी जी काही जागा होती ती कामाची होती.

पावसाळ्यात आमच्या ओढ्याचं पाणी गढूळ असायचं. म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात एक मोठा रांजण भरून ठेवत. वर तुरटी फिरवायची आणि गाळ खाली बसू द्यायचा. पण आत्याबाईंच्या घरात रांजण तळापर्यंत कधी रिकामा करायचा नाही. तळाला जुनं पाणी ठेवायचं आणि त्याच्यावर नवं ओतायचं. कोरडा रांजण म्हणजे घरातली बरकत गेली, असं त्या मानत. त्या या घरात आल्या तेव्हाचं थोडं पाणी अजून तळाला आहे, असं त्या अभिमानानं सांगायच्या. खरं असेलही.

गौरी गेल्या आणि गावात हाडमोड्या ताप आला. आधी समोरच्या घरात, मग आमच्या आळीत. मला आला तेव्हा मी पाण्याचा तांब्या उचलत होते. तांब्या हातातून निसटला आणि मला वाटलं, ओला होता म्हणून निसटला. वाकून उचलायला गेले तर गुडघ्यांनी वाकायचं नाकारलं. संध्याकाळपर्यंत घोटे सुजले, मनगटं सुजली, डोळ्यांच्या मागं कुणी अंगठे रोवल्यासारखं दुखायला लागलं. परसात जायचं तर भिंत धरून, आणि भिंत संपली की बसून सरकत.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर जीप आली. पुण्याहून तापाचा तपास करणारी माणसं आली होती. एक डॉक्टरीणबाई आणि पेट्या उचलणारे दोन पुरुष. घरोघर जाऊन तापातल्या माणसांचं रक्त घेत होते. डॉक्टरीणबाई माझ्या अंथरुणाशी जमिनीवरच बसल्या. माझ्याहून फार मोठ्या नसतील. दंडाला रबर बांधून त्यांनी रक्त काढलं, त्यातला एक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवला आणि दुसऱ्या काचेनं पसरला, सारवल्यासारखा.

आत्याबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आजाऱ्याचं रक्त घिऊन काय मिळणार तुमाला? त्यात आजारच असणार."

"धडधाकट माणसाचंही लागतं, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही शेजारी ठेवून बघतो."

"मग माझं घ्या की. जन्मात आडवी पडले न्हाई मी. चांगलं रक्त कसं आसतंय ते तरी कळंल."

आणि त्यांनी लगेच बाही वर सारली. गावातल्या बायका रक्त म्हटलं की परड्यात पळत होत्या. आत्याबाईंनी मान ताठ ठेवून दिलं आणि वर विचारलं, "लाल हाय का चांगलं?"

तेवढ्यात पेट्या उचलणाऱ्यांपैकी एकानं आमच्या रांजणात बॅटरी मारली. त्यानं आत्याबाईंना बोलावून दाखवलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. रांजणात बारीक किडे होते, शेपटी हलवत वर येणारे आणि सावली पडली की खाली जाणारे. आम्ही ते रोज बघायचो. पाणी गाळून घ्यायचो, बस.

"ती पाण्याची पोरं हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी जितं हाय म्हणून हायेत."

"मावशी, हीच मोठी होऊन डास होतात," तो माणूस म्हणाला. "दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. त्याच्यानंच हा ताप पसरतो, असं आम्हाला वाटतंय. रांजण आठवड्यातून एकदा पूर्ण पालथा करा, घासा आणि वाळवा."

"दिवसा चावणारा डास आमच्यात न्हाई. आमाला दिवसा एका जागी बसायला येळ न्हाई, तो चावणार कुणाला?"

तो माणूस हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. रांजण पालथा केला नाही. ते लोक जाताना सांगून गेले, दिवाळीच्या आधी परत येऊ, ज्यांना ताप होता त्यांचं दुसऱ्यांदा रक्त घेऊ.

माझा ताप उतरला. अंगावर पुरळ आलं आणि गेलं. दुखणं मात्र गेलं नाही. सकाळी उठताना पाऊल जमिनीला लावलं की टाचेतून कळ वर यायची. तांदळाच्या पिठाची उकड गरम असतानाच मळावी लागते. माझ्या मनगटात तेवढा जोर नव्हता. भाकरी थापायला घेतली की तिच्या कडा फाटायच्या. आत्याबाई ती फाटकी भाकरी उचलून बघायच्या, उजेडाकडं धरायच्या, आणि तशीच तव्यावर टाकायच्या.

एक दिवस त्या बोलल्या.

"ताप गेला का न्हाई?"

"गेला."

"मग?"

मलाही तेच कळत नव्हतं. अंगाला हात लावला तर गार लागायचं. खोकला नाही, जखम नाही. नुसता थकवा, दुपारपर्यंतच हाडांत वाळू भरल्यासारखा. दळण निवडता निवडता मी सुपावर डोकं टेकून झोपायचे. जागी झाले की आत्याबाई समोर बसलेल्या असायच्या, सूप त्यांच्या मांडीवर.

भात पिकायला लागलं होतं. आमच्याकडं कापणी म्हणजे घरातला प्रत्येक हात लागतो. मी विळा धरला की बोटं त्याच्याभोवती मिटायची नाहीत. पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाफ्यात बसले. समोरच्या घरातली काकू आमच्याबरोबर होती, तिलाही ताप येऊन गेला होता, पण ती उठून कामाला लागली होती. ती म्हणाली, "आगं, मलाबी दुखतंय. दात आवळायचं आन् कापायचं." ती वाईट नव्हती. पण त्यानंतर आत्याबाईंचा माझ्याबद्दलचा निकाल झाला, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

त्या शनिवारी यजमान आले. जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "भाऊबीजेला हिला माहेरी सोड. बरी झाली की त्यांनी कळवावं."

यजमानांनी भात कालवला. "बरं," म्हणाले.

माझं माहेर मुठ्याला. फार लांब नाही. पण "बरी झाली की कळवा" म्हणून धाडलेली एक बाई आमच्या शेजारच्या गावात होती, म्हणजे नव्हती. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती आणि त्या दुसरीला आता मूलही होतं. पहिली असताना दुसरी करायची नाही असा कायदा झाला आहे असं म्हणत, पण कायदा आमच्या बाजूला फारसा फिरकत नसे. माझा भाऊ मला ठेवून घेईल, त्याची बायकोही काही बोलणार नाही, आणि मी तिच्या चुलीजवळ म्हातारी होईन. हे सगळं मला त्या एका "बरं" मध्ये दिसलं. मी ताट उचललं. मनगटाला ते पेलेना, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून नेलं. आत्याबाईंनी ते दुखण्याचं नाटक समजून तोंड फिरवलं.

जीप परत आली तेव्हा कापणी अर्धी झाली होती. पण या वेळी गावात भलतंच पसरलं होतं. रक्त बाटलीत भरून मुंबईला विकतात, असं. शाळेकडं कुणी फिरकेना. आत्याबाई खळ्यावरून येऊन म्हणाल्या, "एकदा दिलंय ते पुरं झालं. अंगात जोर न्हाई म्हणती आन् रक्त वाटत फिरती, हे बरं न्हाई."

मी तेव्हा चुलीपुढं होते. मी कधी उलटून बोलले नव्हते, धीट नव्हते म्हणून. त्या दिवशीही धीर आला असं नाही. मला फक्त कळायचं होतं की ताप गेल्यावर काय राहतं. दुसऱ्या कुणाला विचारायचं?

"मी जाणार हाय, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चुलीत लाकूड सारलं. "जा," म्हणाल्या. "परत येताना पाणी आण." माझी मनगटं हंडा धरू शकत नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

शाळेच्या खोलीत मास्तरांच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी त्यांचं यंत्र मांडलं होतं. खिडकीतला उजेड त्याच्या खालच्या आरशावर पडत होता. त्यांनी माझं रक्त घेतलं. दुसरं कुणी यायचं नव्हतं, त्यामुळं त्यांनाही घाई नव्हती. मी उठले नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, काय होतंय. मी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "ताप गेला, मग दुखतंय काय?"

त्यांनी पेटीतून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या. एक आधीची, एक आत्ताची. आत्ताच्या पट्टीवर त्यांनी जांभळा रंग ओतला, धुतली, वाळवली. मग मला एक डोळा मिटायला सांगितलं.

पहिल्यांदा मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम गुलाबी वाटोळे दाणे, भिजवलेल्या तांदळासारखे एकाला एक लागून. त्यांच्यात कुठं कुठं मोठा, आत जांभळा गोळा असलेला. ह्याच पांढऱ्या पेशी, त्या म्हणाल्या. रंग दिल्यावर जांभळ्या दिसतात. आधीची पट्टी लावून त्यांनी ती हळूहळू सरकवली. दाण्यांचं शेत जात होतं, जात होतं, आणि जांभळा गोळा दिसायला फार वेळ लागत होता.

"ही तू तापात होतीस तेव्हाची. बघ किती थोड्या आहेत. या पेशी म्हणजे तुझ्या अंगाची राखण करणारी माणसं. डास चावला, त्याच्याबरोबर विषाणू आत गेला. तो इतका बारीक की या यंत्रातूनही दिसत नाही. तो आत गेला की यांची धावाधाव होते. त्यात काही मरतात, काही रक्त सोडून दुसरीकडं जातात, आणि रक्तात काही दिवस त्या कमी दिसतात."

"आन् मग?"

"मग नव्या तयार होतात. त्यांच्यातल्या काही जणी त्या विषाणूला ओळखायला शिकतात. त्याला धरून ठेवणारं एक द्रव्य त्या रक्तात सोडतात. पहिल्या रक्तात ते नसतं. दुसऱ्या रक्तात असलं तर आम्हाला कळतं की ताप याचाच होता. म्हणून दोनदा रक्त घ्यायचं. आणि ती ओळख पुढं राहते, वर्षानुवर्षं. मग तोच ताप परत आला तरी माणूस सहसा पडत नाही."

"पण दुखतंय कशानं?"

त्यांनी यंत्रावर कापड घातलं. "ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. मला वाटतं, विषाणू निघून गेला तरी सांध्यांत लढाई लगेच थांबत नाही. अंगाला थांबायला वेळ लागतो. तू थकली आहेस, कारण तुझ्या आत खरंच काम झालंय. आळस नाही हा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी हंडा तिथंच विसरून निघाले, मग परत जाऊन घेतला आणि अर्धा भरून कमरेवर आणला.

वाटेत मला इर्जिक आठवली. ज्याची भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, मागं पडते, त्याच्या शेतावर आमच्याकडं सगळं गाव एक दिवस कामाला जातं, तिला इर्जिक म्हणतात. काम होऊन जातं. पण बांध तुडवलेले असतात, अंगणात चिखल असतो, आणि रांधून रांधून घरची बाई दोन दिवस उठत नाही. माझ्या अंगात इर्जिक झाली होती, आणि त्यातली काही माणसं अजून घरी गेली नव्हती.

हे मी आत्याबाईंना सांगितलं. मला वाटलं, यातून त्यांना कळेल.

"इर्जिकीला जेवाण घालावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या इर्जिकीला मीच घालतीया जेवाण."

त्यात खोटं काही नव्हतं. त्याही दमल्या होत्या. कापणी त्यांनी जवळजवळ एकटीनं ओढली होती, संध्याकाळी खांबाला टेकून बसायच्या तेव्हा त्यांना चूळ भरायलाही उठवत नसे. दोन दमलेल्या बायका एका घरात असल्या की एकमेकींची दया येत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी माझं बोचकं बांधून झालं. दोन लुगडी, चोळ्या, लग्नातला कुंकवाचा करंडा. खुंटीला लावून ठेवलं. यजमान सुट्टीला आले होते, ते त्या खुंटीकडं बघायचं टाळत होते, त्यामुळं त्यांना खोलीत फिरायला जागाच राहिली नव्हती.

दुपारी जीपचा आवाज आला. डॉक्टरीणबाई सरळ आमच्या ओसरीवर आल्या. मला वाटलं माझ्यासाठी आल्या. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "तुझ्या दुसऱ्या रक्तात ती ओळख सापडली. ताप त्याचाच." मग त्या आत्याबाईंकडं वळल्या.

"मावशी, मी तुम्हाला विचारायला आले. ती ओळख तुमच्याही रक्तात आहे. हिच्याही आधीची. मी रक्त घेतलं त्या दिवशीच होती."

"मला ताप आला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गावाला विचारा."

"या साली नाही. पूर्वी कधीतरी. म्हणूनच आता सगळ्या घरात ताप असून तुम्ही पडला नाहीत. तरुणपणी कधी असा ताप आल्याचं आठवतं का? दुसऱ्या गावी असताना? मुंबईला?"

आत्याबाई मुगाच्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत. मुळशीच्या धरणाखाली जमिनी गेल्या तेव्हा सासऱ्यांचं घर मुंबईला गिरणीत गेलं होतं आणि मग काही वर्षांनी या गावात येऊन थोडी जमीन करून राहिलं, हे मला माहीत होतं. पण मुंबईचं आत्याबाई कधी काढत नसत.

आणखी दोन शेंगा सोलून त्या म्हणाल्या, "चाळीत हुते."

डॉक्टरीणबाई पायरीवर बसल्या.

"नळावर भांडी घासाय बसले, उठताच येईना. बाकीच्या हसल्या. मलाबी वाटलं, पाय झोपला आसंल. मग ताप. मग ताप गेला." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "सासू म्हणली, ताप गेला न्हवं, मग?"

त्यांनी ते "मग" अगदी तसंच म्हटलं, जसं त्या मला म्हणाल्या होत्या. मला वाटतं ते त्यांच्याही कानावर पडलं. कारण पुढची शेंग त्यांनी हातात घेतली ती तशीच धरून ठेवली.

"किती दिवस दुखत होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मोजायला कोण बसलंय. माहेरी धाडलं मला. बरी झाली की कळवा म्हणून. माझ्या बापानं कळवलं, बरी हाय. कुणी न्यायला आलं न्हाई. पुन्ना कळवलं."

"मग?"

"मग सासू मेली. रांधायला कुणी न्हवतं. तवा आले न्यायला."

यजमान दारात उभे होते. आईची ही गोष्ट त्यांनीही कधी ऐकली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी आणखी काही विचारलं नाही. जाताना रांजणाकडं बघून म्हणाल्या, "मावशी, तो पालथा कराल ना?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या.

आत्याबाईंनी सगळ्या शेंगा सोलल्या. टरफलं गोळा करून गाईपुढं टाकली. परत येऊन त्या ओसरीवर उभ्या राहिल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "भाऊबीजेला तू बरुबर जा. आन् दुसऱ्या दिशी घिऊन ये. भाताची झोडणी पडलीया."

"बरं," यजमान म्हणाले. हे "बरं" निराळं होतं, पण शब्द तोच.

मग मला म्हणाल्या, "चल, हात लाव." आणि रांजणाकडं गेल्या. माझी मनगटं लागेनात, म्हणून आम्ही दोघींनी पाठ लावून रांजण रेटला. यजमान मदतीला येत होते, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं. आधी पाणी बाहेर आलं, मग काळा गाळ, मग त्या वळवळणाऱ्या अळ्या, अंगणभर. उन्हात त्या थोडा वेळ उड्या मारत राहिल्या आणि थांबल्या. आत्याबाई त्यांच्याकडं बघत होत्या. "पाण्याची पोरं," म्हणाल्या, आणि खराटा घेतला. पण पालथा करण्याआधी त्यांनी एक तांब्या जुनं पाणी बाजूला काढून ठेवलं होतं. घासलेला रांजण वाळला तेव्हा ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून त्यांनी तळाला ओतलं आणि मग मला म्हणाल्या, आता नवं आण. दर वेळी रांजण पालथा करताना तेवढं तांब्याभर पाणी त्या शेवटपर्यंत काढून ठेवत राहिल्या.

मी भाऊबीज करून परत आले. आत्याबाई माझ्याशी गोड बोलायला लागल्या असं नाही. माफी वगैरे आमच्या घरात कुणी कुणाची मागत नसे. झोडणीत मला पेंढ्या मोजायला बसवलं आणि पेंढ्या चुकल्या की त्या बोलायच्या. माझं दुखणं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिलं, मग कमी झालं, आणि थंडीत पाहुण्यासारखं परत येऊ लागलं. थकवाही पूर्ण गेला असं मला कधी वाटलं नाही. वयानं आलेला कुठला आणि तो कुठला, आता वेगळं करता येत नाही.

पण उकड मळायचं काम त्या सालापासून त्यांनी घेतलं. कुणी ठरवलं नाही. एके सकाळी मी पिठावर गरम पाणी ओतलं आणि काठवट माझ्या पुढून ओढली गेली. त्या मळायच्या, मी भाजायचे. मळताना मध्येच त्या थांबायच्या, हात पिठातून काढायच्या आणि बोटं उघडून मिटून बघायच्या. आधी मला वाटलं, पीठ चिकटलंय.

"आज मिटतायत का तुझी?" त्या विचारायच्या.

"न्हाई, आत्याबाई."

"माझीबी न्हाई," म्हणायच्या, आणि परत मळायला लागायच्या.